‘पूर्ववत्’ या शब्दाची परीक्षा

परिसराच्या पुनःस्थापनेविषयीच्या लेखनात ‘पूर्ववत्’ हा शब्द फार सैलपणे योजला जातो. पूर्वीची स्थिती कोणती, ती कोणी पाहिली व कशी नोंदविली, हे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले असतात. राजस्थानातील भरतपूरनजीकच्या केवलादेव पाणथळीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र निखळ निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकात अजान बांध घातला गेला, नैसर्गिक खोलगटीत पाणी खेळू लागले आणि पाखरांबरोबर गावोगावची गुरेही तेथे वावरू लागली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून तेथील गुरेचराई बंद करण्यात आली. त्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने ग्रामस्थांचे बळी गेले. बंदीमागील गृहीतक सरळ होते : मनुष्य व त्याची म्हैस दूर सारली, की निसर्ग पूर्ववत् होईल.

घडले ते विपरीत. पास्पालम डिस्टिकम हे गवत उथळ पाण्यात माजले. उघडे पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र घटले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या सुमारास आरंभिलेल्या व दशकभर चालविलेल्या अभ्यासाने हे निदर्शनास आणले. चरणाऱ्या म्हशीच या गवतास आवर घालीत होत्या, असा व्ही. एस. विजयन यांच्या १९९१ च्या अहवालाचा निष्कर्ष होता.

या अभ्यासाचे मोल केवळ त्याच्या कालावधीत नाही. बंदीपूर्व व बंदीनंतरची, अशा दोन्ही अवस्था त्याच्या कक्षेत आल्या. एका वर्षाच्या पाहणीत कमी पावसाचा परिणाम आणि चराईबंदीचा परिणाम वेगळे करणे दुष्कर ठरले असते. तथापि दीर्घकाल म्हणजे कार्यकारणाची सिद्धता नव्हे. तुलनेसाठी तशीच दुसरी पाणथळ नसेल, तर पाण्याच्या आवकीसारख्या इतर कारणांचा विचार सोडून चालत नाही.

निष्कर्ष हाती आल्यावरही बंदी उठली नाही. ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यापर्यंतच शासन आले. संशोधन धोरणाच्या मागून आले, की त्याचे काम पश्चात्तापाची कारणमीमांसा करण्यापुरतेच उरते. यास्तव ‘पूर्ववत्’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी ‘पूर्व’ काय होते, याची नोंद हाती असावयास हवी. आणि त्या नोंदीत पाखरांइतकेच म्हशीला व तिच्या राखणदारालाही स्थान असावयास हवे.