कांपती रेघ

शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत स्वतःच काढलेलें शकुंतलेचें चित्र पाहत बसतो आणि पाहतां पाहतां चित्रांतल्या भ्रमरास दटावूं लागतो. हें केवळ चित्र आहे, अशी आठवण विदूषक त्यास करून देतो. राजा भानावर येतो, परंतु मित्राचे आभार मानीत नाहीं. उलट, डोळ्यांपुढें उभी असलेली प्रिया तूं पुन्हां चित्र करून टाकलीस, असा दोष त्यालाच देतो. हा प्रसंग आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल, त्याची गणती नाहीं. गेल्या वर्षीं मात्र तो शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्यानें आमच्यापुढें आपला मोबाईल धरला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांतील नाचाची ती चित्रफीत होती. यंत्राकडून तिचें क्षणार्धांत पेन्सिलचित्रांत रूपांतर करून घेतलेलें होतें. “सर, १९८५ सालच्या त्या प्रसिद्ध गाण्यासारखीच ही दिसते. मग त्याला कला म्हणायचें आणि हिला नाहीं, असें कां?” आम्हीं श्रम, साधना वगैरे कांहीं शब्द उच्चारले, इतक्यांत घंटा झाली व आमची सुटका झाली. तें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नव्हतें. म्हणून हा लेख.

तें गाणें म्हणजे नॉर्वेच्या ‘आ-हा’ या तिघां तरुणांच्या वाद्यवृंदाचें ‘टेक ऑन मी’. तें प्रथम १९८४ मध्यें प्रसिद्ध झालें तेव्हां त्याच्याबरोबर गायकांचा एक साधा म्युझिक व्हिडिओ होता, आणि गाण्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढील वर्षीं गाणें नव्यानें ध्वनिमुद्रित झालें व स्टीव्ह बॅरन यानें त्याचा दुसरा व्हिडिओ दिग्दर्शित केला. (यशाचें सारें श्रेय चित्रांस देणारे लोक हें नवें ध्वनिमुद्रण सोयीनें विसरतात.) १९८६ मध्यें एमटीव्हीचीं सहा पारितोषिकें या व्हिडिओस मिळालीं. त्यांतील चित्रें मायकेल पॅटरसन व कँडिस रेकिंजर या जोडीचीं. चित्रित केलेल्या फिल्मची एकेक चौकट घ्यावयाची, तिच्यावरून कागदावर पेन्सिलीनें रेखाटन करावयाचें, आणि तीं रेखाटनें क्रमानें पुन्हां फिल्मवर घ्यावयाचीं, अशी ही रीत. अशा सुमारे ३००० चौकटींस सोळा आठवडे लागले, असें सांगतात.

ही रीत त्यांनीं शोधलेली नव्हे. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन चित्रकारानें तिचें पेटंट १९१७ मध्यें मिळविलें, व तिला रोटोस्कोप हें नांव पडलें. १९३२ च्या ‘मिनी द मूचर’ या बेटी बूपच्या व्यंगपटांत कॅब कॅलोवे या गायकाचें नृत्य त्याच रीतीनें गिरवून एका भुताटकीच्या वॉलरसच्या अंगीं घातलें आहे. म्हणजे लोकप्रिय गायक, त्याचें गाणें आणि चित्रांचा थर यांची सांगड नव्वद वर्षांहून जुनी आहे. परंतु फ्लायशरास हवी होती ती गतीची सफाई. चित्रांतील आकृति माणसासारखी सहज हलावी, एवढाच त्याचा हेतु. हात कांपला तर तो दोष.

‘टेक ऑन मी’मध्यें तो कंप मुद्दाम ठेविला आहे, आणि आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. एकाच गालाचीं लागोपाठ दोन चित्रें हातानें काढलीं, तर तीं तंतोतंत जुळत नाहींत. छाया दाखविणाऱ्या रेघा प्रत्येक कागदावर वेगळ्या पडतात. पडद्यावर याचा परिणाम असा होतो कीं, चित्रांतला तरुण नुसता उभा असला तरी त्याची बाह्यरेषा सारखी थरथरत असते. कोणी तरी त्यास प्रतिक्षणीं पुन्हां काढीत आहे आणि काढणें थांबलें कीं तो नाहींसा होईल, असें पाहणाऱ्यास न सांगतां वाटूं लागतें.

कथा अगदीं पोरकट आहे, हें प्रथमच कबूल करावें. एका कॅफेंत एक मुलगी कॉमिक वाचीत बसली आहे. त्यांतील मोटारसायकलच्या शर्यतीचा नायक तिला डोळा मारतो, आणि कागदांतून आपला पेन्सिलचा हात बाहेर काढतो. ती तो हात धरून आंत जाते. पैसे न देतां मुलगी पळाली असें समजून तेथील बाई कॉमिकचा चोळामोळा करून तें कचऱ्याच्या डब्यांत फेंकते. आंत मारेकरी पाना घेऊन पाठीस लागतात (हा भाग आम्हांस फारच स्वस्त वाटला), नायक कागदास भगदाड पाडून तिला बाहेर घालवितो, आणि ती तें चुरगळलेलें पुस्तक घेऊन घरीं धांवते.

या सगळ्यांत एक स्थळ मात्र विलक्षण आहे. चित्रांच्या जगांत दोघें एका रिकाम्या चौकटीच्या दोन बाजूंस उभीं राहतात. चौकटींतून दिसतें तें माणूस हाडामांसाचें, चौकटीबाहेरचें पेन्सिलीचें. तीं फिरतात तशीं रूपेंही पालटतात. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. चित्रांतल्या घोड्यास आपण घोडा म्हणतों, तें ज्ञान ना खरें, ना खोटें, ना संशय, ना केवळ सादृश्य. वर्गांत हें समजावितांना आमची नेहमीं दमछाक होते. या चौकटीपुढें तें कांहीं सेकंदांत डोळ्यांस समजतें.

शेवटीं तो तरुण मुलीच्या घराच्या बोळांत प्रकट होतो आणि दोन्ही भिंतींवर स्वतःस आदळूं लागतो. एका आदळण्यांत तो माणूस, दुसऱ्यांत रेघा. रेघ आरंभापासून कांपत आली नसती, तर हा प्रकार केवळ कॅमेऱ्याची करामत ठरला असता. तिच्या कंपानें आधींच सांगून ठेविलें आहे कीं, हा जीव आपल्या कागदांत सुखी नाहीं.

याच जोडीनें १९८९ मध्यें पॉला अब्दुलच्या ‘ऑपोझिट्स अट्रॅक्ट’ या गाण्यासाठीं चित्रांतला एक बोका खऱ्या गायिकेबरोबर नाचविला. गंमत आहे, कसब आहे. पण बोका कशासाठींही तळमळत नाहीं, आणि गाण्याबरोबर तोही संपतो. उलट, त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजनें आरंभिलेली जोहान्सबर्गच्या चित्रपटांची मालिका पाहा. तो कोळशानें चित्र काढतो, कॅमेऱ्यानें टिपतो, खोडतो, आणि त्याच कागदावर पुन्हां काढतो. खोडलेल्याचा डाग तसाच राहतो. वर्णद्वेषाच्या त्या देशांत पुसून टाकलेलें कांहींच पुरतें पुसलें जात नाहीं, हें त्या डागांतून दिसतें. केंट्रिजची जागा संग्रहालयांत आणि ‘टेक ऑन मी’ची ध्वनिमुद्रिकांच्या जाहिरातींत, अशी विभागणी विद्वानांनीं करून टाकिली आहे. खोली दोघांची सारखी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. केंट्रिज फार मोठा. परंतु काढण्याची रीत हाच दोघांचाही आशय आहे, आणि जाहिरातीसाठीं काढलें म्हणून रेघ खोटी होत नाहीं.

आतां विद्यार्थ्याचा प्रश्न. श्रमाचें आमचें उत्तर चुकलें होतें. सोळा आठवडे खर्चूनही निर्जीव चित्र काढतां येतें, आणि उद्यां यंत्र हातीं घेऊन कोणी जिवंत चित्र काढणार नाहीं, असें छातीठोकपणें आम्ही सांगणार नाहीं. त्याच्या चित्रफितींत मुलें, पडदा, खुर्च्या, मागचा पंखा, सर्वांवर सारख्याच रेघा पडल्या होत्या. गाल कोरा ठेवावा कीं केस गडद करावे, हें कोणीं ठरविलेंच नव्हतें. पण तेंही क्षम्य होतें. खरी उणीव ही कीं, त्या पेन्सिलींतून बाहेर येऊं पाहणारा तेथें कोणीच नव्हता. मुलें आधीं खुशाल नाचत होतीं, आणि पेन्सिलीचीं होऊनही खुशाल नाचत राहिलीं.

हें त्याला आम्हीं नंतर सांगितलें. तो म्हणाला, “पण सर, तो शेवटीं बाहेर येतो ना? मग सुखान्तच कीं.” त्यानें पुढचा व्हिडिओ पाहिला नव्हता. त्याच वर्षींच्या ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ या गाण्याच्या आरंभीं तीं दोघें पुन्हां समोरासमोर उभीं आहेत. तिच्या देखत त्याच्या चेहऱ्यावर रेघा उमटूं लागतात, तो पुन्हां पेन्सिलीचा होतो, आणि पळत सुटतो. वाचकांनीं दोन्ही एकापाठोपाठ पाहावे. दुसऱ्याचा एवढा आरंभ पाहिला तरी पुरे.