शब्द फक्त सात टक्के?

‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५’ हे सूत्र देहबोलीवरच्या पुस्तकांत हमखास भेटतं. भांडण मिटवायचं तर शब्दांपेक्षा हावभाव सांभाळा, हा सल्लाही त्यातूनच निघतो. आम्हांला तो पटत नाही.

हे आकडे आले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून. त्यांत संभाषण नव्हतंच. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाच्या एकाच शब्दासोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. बोलणाऱ्याची भावना आवडीची की नावडीची, एवढंच ओळखायचं होतं. सूत्र तेवढ्यापुरतंच आहे, हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे.

सूर महत्त्वाचा आहेच. चिडक्या आवाजात ‘मी रागावलो नाही’ म्हटलं, तर मोठी माणसं बहुधा सुरावरच विश्वास ठेवतात. पण दोघांचं भांडण कशावरून झालं, हे नुसत्या मुद्रेवरून कसं कळणार? त्यासाठी दोघांचं म्हणणं ऐकूनच घ्यावं लागतं.

वर्गात करून पाहा : अनोळखी भाषेतलं एखादं भाषण मुलांना दाखवा. सूर आणि चेहरा दोन्ही मिळतील. मग विचारा, ९३ टक्के अर्थ कळला का?