‘हरपले श्रेय’ : प्रश्नापाशी थांबलेली कविता

बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेल्या बी. एम. श्रीकंठय्यांनी १९२६ साली ‘इंग्लिश गीतगळु’ हा अनुवादित कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा नव्या कन्नड कवितेचे इंग्रजी ऋण ग्रंथाच्या नावातच नोंदले गेले. मराठीत भाषांतरे त्यापूर्वीच होऊ लागली होती. परंतु ऋणाचा हिशेब स्वतंत्र कवितांच्या खात्यावर मांडण्याची आमच्या टीकेस सवय आहे. केशवसुतांची ‘हरपले श्रेय’ ही कविता त्याचे नेहमीचे उदाहरण. वर्ड्‌स्वर्थच्या अमरत्वविषयक उद्देशिकेशी तिचे साम्य दाखविले, की विवेचन संपले असे मानले जाते. वस्तुतः ते तेथे सुरू व्हावयास हवे.

उद्देशिकेची पहिली चार कडवी वर्ड्‌स्वर्थने १८०२ साली लिहिली. बालपणी सृष्टीवर दिसणारे ते तेज कोठे गेले, या प्रश्नाशी तो थांबला, आणि सुमारे दोन वर्षे थांबला. १८०४ साली पूर्ण झालेल्या उरलेल्या कडव्यांत त्याने उत्तर दिले : जीव जन्मापूर्वीच्या दिव्य लोकातून येतो, वाढत्या वयाबरोबर त्याची स्मृती मावळते, आणि मोबदला म्हणून प्रौढास चिंतनशीलता लाभते. जन्मपूर्व अस्तित्वाची ही प्लेटोप्रणीत कल्पना आपण कवी म्हणून वापरली, श्रद्धा म्हणून नव्हे, असा खुलासा त्यानेच पुढे केला. बालकास तत्त्वज्ञ ठरविणारा भाग तर कोलरिजसारख्या मित्रासही १८१७ साली मान्य करवला नाही.

केशवसुतांची कविता वर्ड्‌स्वर्थ जेथे दोन वर्षे अडला तेथेच उभी आहे. त्रिखंडात शोध चालतो, हरपलेले गवसत नाही, आणि पालुपद त्याच निराशेवर परत येते. मोबदल्याची भाषा नाही. हे अनुकरणाचे अपुरेपण म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. पूर्वजन्म ही कल्पना इंग्रज कवीला ग्रीकांकडून उसनी आणावी लागली; मराठी कवीच्या घरात ती रोजच्या बोलण्यातली. पण आपल्याकडे पूर्वजन्म म्हणजे तेजाचा लोक नव्हे, तो कर्माचा संचय. संतांच्या वाणीत गर्भवास हे प्रायः दुःखाचेच नाव. ज्या बालकाच्या पाठीशी संचिताचे गाठोडे आहे, त्याच्याकडून स्वर्गाची आठवण कशी मागावी? वर्ड्‌स्वर्थचे उत्तर केशवसुतांना मिळण्याजोगे नव्हतेच.

शिवाय त्यांनी योजलेला शब्द पाहावा. कठोपनिषदात यम नचिकेत या कुमारासमोर श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग ठेवतो, आणि कुमार श्रेय निवडतो. बालपणीचा आनंद गेला असता तर प्रेय हरपले असे म्हणता आले असते. वयाने जे हिरावून नेले त्याचा दोष कोणाकडे नसतो. श्रेय मात्र निवडावयाचे असते, म्हणून ते हरपण्यात स्वतःवरचा आरोप दडलेला आहे. ही वेदना उद्देशिकेत नाही.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. वर्ड्‌स्वर्थ एका झाडाकडे, एका शेताकडे बोट दाखवितो. येथे हरपले ते काय, याचे मूर्त चित्र उभे राहत नाही. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत कोकणातले बालपण आणि घर किती जिवंतपणे येते! पण तेथे दुरावली आहे ती भूमी. दृष्टी शाबूतच आहे.

आणि ही दृष्टी बालपणापुरती असते, असेही केशवसुत मानीत नाहीत. ‘झपूर्झा’ (१८९३) लिहिताना ते पंचविशी ओलांडलेले होते. ‘जा पोरी जा’ हे मुलींच्या खेळातले बोल भरभर म्हटल्याने झालेला तो शब्द त्यांनी प्रौढाच्या तंद्रीला दिला. वर्ड्‌स्वर्थचे बालक पुष्कळदा एकटे असते; हा शब्द फेर धरणाऱ्या मुलींच्या मेळ्यातून आला आहे. धारवाडच्या शाळेत शिकवीत असता १९०५ साली हुबळीस वारलेल्या या कवीची ‘हरपले श्रेय’ ही अखेरच्या पर्वातली कविता ‘झपूर्झा’च्या शेजारी ठेवून वाचावी, तिला जे सापडत नाही ते तेथे एकदा सापडले होते.