‘हाफ सेव्हन’ आणि ‘अडीच’

ब्रिटिश बोलीतील ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. तेथे ‘पास्ट’ हा शब्द अध्याहृत असतो. जर्मन ‘हाल्ब झीबन’ मात्र साडेसहा दर्शविते. केवळ शब्दशः अर्थ लावणारा अभ्यासक येथे एका तासाने चुकतो. वस्तुतः मराठी भाषकास हा भेद परका नाही. ‘साडे’ हे ‘सार्ध’पासून आलेले, म्हणून पूर्ण तासात भर घालणारे, ‘अडीच’ हे ‘अर्धतृतीय’पासून, म्हणजे तिसरा अर्धा. परभणी जिल्ह्यातील चुडावा स्थानकावर प्रवासी १४.३० ला ‘अडीच’ म्हणतो तो जर्मन वळणाने, १५.३० ला ‘साडेतीन’ म्हणतो तो इंग्रजी वळणाने. कोशार्थावरच थांबणारे अध्यापन म्हणूनच अपुरे ठरते. त्याचा आरंभ मराठीतील या दोन रीतींपासून व्हावयास हवा.