सहा पेन्सांचा सूर

गिटारच्या नखीला दुकानदार 'पिक' म्हणतो. मी सात घेतली. शेतकरीसुद्धा इतकी पिके पालटत नसेल! अर्ध्या मिलिमीटरचे हाताला सुखाचे, पण तारेआधी तेच टकटकते. दीड मिलिमीटरचे सूर भरीव देते, पण तारेत अडखळते. आणि 'क्वीन'चा ब्रायन मे वाजवतो सहा पेन्सांच्या जुन्या नाण्याने! नाणे वाकत नाही, म्हणून मार्दव सगळे बोटांनीच आणायचे. जरा तिरके धरले की कडेचे दाते तारेला घासतात आणि स्वर किंचित खरखरतो, बुवांनी घसा खाकरून गायला लागावे तसा. त्या खरखरीनेच त्याची गिटार बोलते. ते नाणे १९८० साली चलनातून गेले. सुरात अजून खणखणीत चालते. खोटी निघाली ती आमची बोटे!