एकमुखी रामायण

आमच्या मातोश्री गेल्या वर्षी काही महिन्यांसाठी काशीस आमच्या सरकारी बिऱ्हाडी येऊन राहिल्या होत्या. दुपारी तांदूळ निवडताना त्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणत. जाते माहेरीच राहिले. ओव्या तेवढ्या त्यांनी जन्मभर बरोबर वागविल्या. या ओव्यांतील सीता वनात एकटी बाळंत होते, तिच्या सोबतीस बोरीबाभळींखेरीज कोणी नसते, आणि रामाला चार शब्द सुनावण्यास ती कचरत नाही. एके दिवशी आमच्या आठ वर्षांच्या कन्येने त्यांना मध्येच अडविले. ‘‘आजी, सीता असं बोलत नाही. मी पाहिलंय.’’ मातोश्री हसल्या. पण त्यानंतर नातीसमोर त्यांनी ती ओवी पुन्हा म्हटली नाही.

‘मी पाहिलंय’ या दोन शब्दांपुढे शेकडो वर्षांची एक परंपरा निमूटपणे गप्प बसली. हे कसे घडले, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या कन्येने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे पाहिले, ते रामानंद सागर यांचे ‘रामायण’ होय. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात दूरदर्शनने दर रविवारी सकाळी त्याचे 78 भाग दाखविले. तेव्हा देशात दुसरी दूरचित्रवाणी नव्हती. घरोघरी संचाला हार घातले जात, उदबत्ती लावली जात आणि रस्ते ओस पडत. 2020 च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा आम्हीही ती सहकुटुंब पाहिली. तिच्यातील रामाचे संयत स्मित आणि बंधुप्रेमाचे प्रसंग यांनी आमचेही डोळे पाणावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी व तुलसीदास यांच्याबरोबर तमिळ कंबन, बंगाली कृत्तिवास आणि आपल्या एकनाथांचे भावार्थरामायण यांचाही उल्लेख आहे. म्हणजे रामायणे अनेक आहेत, हे कर्त्यास ठाऊक होते. परंतु श्रेयनामावलीत जे अनेकत्व होते, ते कथेत फारसे उरले नाही. उदाहरणार्थ, अग्निपरीक्षेचा प्रसंग घ्यावा. अग्नीत प्रवेश करते ती खरी सीता नसून छायासीता होय, हा तुलसीदासांचा तोडगा मालिकेने स्वीकारला. तोडगा भक्तीला सोयीचा आहे, यात शंका नाही; पण वाल्मीकींच्या सीतेने त्या वेळी रामाला जे विचारले, त्याची धार त्यामुळे नाहीशी होते.

पुढे राज्याभिषेकावर मालिका संपविण्याचे ठरले. त्या वेळी, 1988 मध्ये, जालंधर व उत्तरेतील अन्य काही शहरांतील सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना आपले गुरू मानणाऱ्या त्या समाजाची मागणी एवढीच होती की, ज्या उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतात, तेही दाखविले जावे. ती मागणी मान्य झाली व ‘उत्तर रामायण’ निघाले. पण त्यातही सीता आपण होऊनच वनवास पत्करते. म्हणजे जाब विचारावयास कोणी उरतच नाही. या संपात आम्हांस आधुनिक माध्यमाचे खरे सामर्थ्य दिसते. पूर्वी आपले रामायण हवे असेल तर माणूस ते स्वतः गात असे. आता ते सरकारकडे मागावे लागले. कारण पडद्यावर जे नाही, ते नाहीच, अशी लोकांची समजूत होऊन बसली.

चेहऱ्याचेही तसेच. 1991 च्या लोकसभा निवडणुकीत पडद्यावरील सीता बडोद्यातून आणि पडद्यावरील रावण साबरकांठ्यातून निवडून आले, तेही एकाच पक्षाच्या उमेदवारीवर. 2024 मध्ये पडद्यावरील राम मेरठमधून निवडून आले. पक्षाशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु रावणही निवडून येतो, तेव्हा मतदाराला भावतो तो गुण की चेहऱ्याची ओळख, हा प्रश्न उरतोच. याउलट, गंगेच्या पैलतीरी रामनगरची रामलीला पाहावी. तेथे सुमारे महिनाभर ध्वनिवर्धकावाचून व विजेच्या दिव्यांवाचून लीला चालते आणि राम-सीता कोवळी मुले होतात. मुले मोठी होतात आणि चेहरे बदलतात. त्यामुळे रामाचा चेहरा कोणा एका नटाच्या मालकीचा होत नाही.

येथे मराठी वाचक अभिमानाने म्हणतील की, आपले ‘गीतरामायण’ असे नव्हते. आम्हीही प्रथम तसेच म्हटले. 1955-56 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आठवड्यास एक याप्रमाणे माडगूळकर-फडके यांची 56 गीते ऐकविली. नभोवाणीने चेहरा दाखविला नाही. ज्याने त्याने आपला राम मनात पाहिला. शिवाय त्यागलेल्या सीतेचा आक्रोशही तेथे वगळलेला नाही. तथापि मनाशी थोडे प्रामाणिक झालो, तेव्हा आमचा अभिमान ओसरला. मूळ प्रसारणात निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते. पुढे बाबूजींच्या एकट्याच्या स्वरातच ते आमच्या कानांत कायमचे ठरले. आमच्या येथील मराठी मंडळींत रामनवमीस दरवर्षी तीच गीते होतात. मातोश्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवितात. त्यांनाही काही येत असेल, असे आजवर कोणाच्याही, आमच्यासुद्धा, मनात आले नाही. तेव्हा कन्येने पडद्याच्या जोरावर जे एका दुपारी केले, ते आम्ही अभिरुचीच्या नावाखाली वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

वास्तविक आपल्याकडील ठेवा लहान नाही. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत आणि सीतेचा वनवास हा त्यांतील एक मोठा विषय आहे. यवतमाळ जिल्ह्यात रावेरी येथे तर रामावाचून एकट्या सीतेचे मंदिर आहे. पसाभर गहू नाकारणाऱ्या गावाला तिने शाप दिला, अशी तेथील कथा आहे. ही सीता कोणत्याही पडद्यावर मावलेली नाही.

माध्यम वाईट असते, असे आमचे म्हणणे नाही. पडदा मुलांच्या हातून काढून घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. आमची कसोटी एवढीच आहे की, एखादी कृती पाहिल्या-ऐकल्यावर आपल्या घरातील दुसऱ्या कोणाचे तोंड उघडते की मिटते? तोंड मिटत असेल, तर ती कृती कितीही सुंदर असो, तिच्या शेजारी दुसरा आवाज मुद्दाम मांडावा लागेल. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणांस हे अधिक लागू आहे. येथे आपल्या मुलांच्या कानी शेजारच्या अंगणातून ओवी येत नाही. घरातील वृद्ध माणूस गप्प झाले की ती वाट बंदच होते.

येत्या रामनवमीस गीतरामायणाच्या आधी पंधरा मिनिटे ओव्यांसाठी द्यावीत, असे आम्ही मंडळास सुचविले आहे. मातोश्रींनी प्रथम नकार दिला. ‘‘चार शिकलेल्या माणसांत ते काय म्हणायचं?’’ असे त्या म्हणाल्या. त्यांना कसेबसे राजी केले आहे. आमची कन्या त्यांच्या शेजारी बसणार आहे, आणि सीता असे का बोलते, हे आजीला विचारण्याचे तिने कबूल केले आहे.