‘क्रिस्तपुराण’ आणि उपासनावर्ष : मठीय वाचनपरंपरेच्या संदर्भात पुनर्विचार

प्रास्ताविक

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा विचार मुख्यतः दोन अंगांनी केला आहे. एक, परकीयाने मराठीवर केलेले प्रेम. दुसरे, पुराणाच्या रूपात घडवलेला धर्मप्रसार. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. तथापि हा ग्रंथ केव्हा आणि कोणासमोर वाचला जाई, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. प्रस्तुत निबंधात कॅथलिक उपासनावर्ष आणि मठांतील शास्त्रवाचनाची परंपरा यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

मठातील वाचन आणि ऋतू

कॅथलिक उपासनावर्ष आगमनकाळापासून सुरू होते. त्यानंतर नाताळ, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ आणि सामान्य काळ असा त्याचा क्रम आहे. शास्त्रवचनांवरील मठवासीयांचे चिंतन याच चक्रात घडत आले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या ४८व्या प्रकरणात श्रमाच्या व वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला एक ग्रंथ द्यावा व त्याने तो आरंभापासून क्रमाने पूर्ण वाचावा, असा तेथे दंडक आहे. विशिष्ट ऋतू, एक ग्रंथ आणि अखंड क्रम ही त्या वाचनाची तीन अंगे होत.

वऱ्हाडातील वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजे वाशीम जिल्ह्यातच आहे. दत्तजयंतीच्या निमित्ताने ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह बसतो, तेव्हा ग्रंथ मधूनच उघडून वाचला जात नाही, ठरलेल्या दिवसांत ठरलेले अध्याय क्रमाने पुरे केले जातात. श्रावणात पोथी लावण्याची प्रथा ठाऊक असलेल्या किन्हीराजासारख्या गावच्या श्रोत्याला ‘क्रिस्तपुराणा’ची घडण म्हणूनच सहज उमगावी. पोथीचा अर्थ तिच्या शब्दांत असतो, तसाच तो तिच्या वेळेतही असतो.

‘आगमना’चे पुराण

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिल्या पुराणा’त ३६ व ‘दुसऱ्या पुराणा’त ५९ अवस्वर असून एकूण ओव्या सुमारे ११ हजार आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार येतो, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयी आहे. हे शीर्षक ध्यानात घेतले तर पहिल्या भागाचा विस्तार निराळा भासतो. तो केवळ पूर्वपीठिका राहत नाही. श्रोत्याला प्रतीक्षेत बसवणारा दीर्घ आगमनकाळ ठरतो. श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो, ही योजनाही याच दृष्टीने पाहावी लागते. छापील पानावर या शंकासमाधानाने कथेचा वेग मंदावतो व काही ठिकाणी तत्त्वविवेचन कंटाळवाणे होते, हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र समूहाने ऐकावयाच्या ग्रंथात हीच विरामस्थाने चिंतनाला अवकाश देतात.

येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. १५४० मध्ये मान्यता मिळालेला जेझुइट संघ हा मठवासी संघ नव्हे. एकत्र बसून प्रार्थना गाण्याचे बंधन त्याने आपल्या सदस्यांवर ठेवले नाही. अशा संघातील धर्मगुरूने लिहिलेले पुराण चर्चमध्ये प्रसंगविशेषी गायिले जाऊ लागले आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली. मठात संन्यस्तांकडे असलेले सामूहिक गायनवाचन येथे शेतकरी-कारागिरांच्या श्रवणात आले. ‘क्रिस्तपुराणा’चे वेगळेपण या स्थलांतरात आहे.

सक्तीची पार्श्वभूमी

या स्थलांतराचा गौरव करताना त्याची किंमत विसरता येत नाही. साष्टीत १५६७ मध्ये देवळे पाडली गेली होती. ग्रंथारंभी नवख्रिस्ती ब्राह्मण जुन्या पुराणांवरील बंदीचा उल्लेख करून त्यांच्या जागी दुसरे पुराण मागतो. ही मागणी ग्रंथाचे निमित्त आहे, तशीच ती एका सांस्कृतिक पोकळीची कबुलीही आहे. ज्या सत्तेने श्रोत्यांची पंचांगे व पोथ्या हिरावल्या, तिच्याच छायेत नवे उपासनावर्ष त्यांना मिळाले. पुढे १६८४ च्या फर्मानाने त्याच सत्तेने लोकभाषेवरही घाला घातला. तरीही ग्रंथ हस्तलिखितांतून जगला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. सत्तेने दिलेले पुराण श्रोत्यांनी सत्तेच्या इच्छेवाचून जपले, ही बाब ‘लादलेला ग्रंथ’ या एकाच निकषाने स्पष्ट होत नाही.

समारोप

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांत आली आणि १९६९ च्या वाचनक्रमाने रविवारची शास्त्रवचने तीन वर्षांच्या चक्रात विभागली. त्यामुळे श्रोत्यांच्या कानी बायबलचा अधिक भाग पडू लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारख्या अनुवादाने ते सुगम गद्यातही आले. परंतु त्या त्या दिवसाच्या उताऱ्यावरील चिंतनात अखंड कथेचा धागा क्षीण होण्याचा संभव असतो.

हीच अडचण महाविद्यालयीन अध्यापनातही आहे. अभ्यासक्रमांत बहुधा मराठीच्या गौरवाच्या ओव्या तेवढ्या निवडल्या जातात. त्या सुंदर आहेत. पण केवळ त्यांवरून स्टीफन्स हा भाषेचा भाट ठरतो, पुराणकार ठरत नाही. आगमनकाळासाठी पहिल्या पुराणातील आणि उपवासकाळासाठी दुसऱ्या पुराणातील सलग अवस्वर वर्गात मोठ्याने वाचले गेले, तर या ग्रंथाचे मूल्यमापन अधिक न्याय्य पायावर उभे राहील.